चुकीच्या दारातले हत्ती

चित्रं काढून पोट भरणाऱ्या माणसाला लोक एक प्रश्न हमखास विचारतात. सुताराला किंवा दाताच्या डॉक्टरला तो कुणी विचारत नाही. तुम्ही याच्याकडं कशा वळलात? पुण्यात हा प्रश्न मान जरा तिरकी करून, कौतुकानं येतो. आमच्याकडं, म्हणजे पिरंगुटच्या पुढं पौड रस्त्यावरून आत वळलं की जे गाव लागतं तिथं, तोच प्रश्न सरळ येतो : "चांगली नोकरी का सोडली गं?" पुण्यातल्या लोकांना मी लहानपणापासूनच्या ओढीबद्दल काहीतरी सांगते. गावातल्यांना सांगते की कॉम्प्युटरवर डोळे दुखायचे. दोन्ही थापा आहेत. खरं उत्तर द्यायचं तर एका रविवारची गोष्ट सांगावी लागते आणि त्यात आधी माझा मूर्खपणा कबूल करावा लागतो, म्हणून टाळत आले. आता सांगून टाकते.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा पिरंगुटच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. आठवड्याचे सहा दिवस पत्र्याचे तुकडे एका मापात दाबायचे आणि सातव्या दिवशी, लग्नसराई असेल तर, लग्नघरांच्या भिंती रंगवायच्या. आमच्या भागात घरात लग्न निघालं की समोरच्या भिंतीला चुना देतात आणि तिच्यावर चित्रं काढून घेतात. दाराच्या दोन्ही अंगांना सोंडेत माळ धरलेले हत्ती, चौकटीवर वेल, कोपऱ्यात मोर आणि खाली ठळक अक्षरांत नवरा-नवरीची नावं. आता नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात, त्यात नवरदेवाचे गॉगल घातलेले सतरा मित्र असतात. तरी वाड्यावस्त्यांवर अजून भिंत लागतेच. भिंतीशिवाय लग्नघर म्हणजे मीठ विसरलेली आमटी, असं दादा म्हणतात. अर्थात ते त्यांच्या सोयीचं मत आहे.

आम्ही बौद्ध. आमच्या आळीत दारावर बुद्ध आणि पिंपळपान असतं आणि खाली 'मंगल परिणय' लिहितात. बाकी गावात गणपती आणि 'शुभविवाह'. दादा दोन्ही सारख्याच मनानं काढतात, आणि गणपती तर इतका सुबक की लांबच्या वाड्यांवरूनही बोलावणं येतं. हत्तीसाठी मात्र त्यांच्याकडं खाका होता. खाका म्हणजे जाड कागदावर काढलेलं चित्र, त्याच्या रेषेरेषेवर टाचणीनं पाडलेली भोकं. कागद भिंतीला लावायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटायची, कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांचा हत्ती तयार. कागद उलटा केला की दाराच्या पलीकडचा. पंचवीस वर्षं पंचक्रोशीतल्या सगळ्या नवरदेवांना एकाच हत्तीनं माळ घातलेली आहे.

मी शाळेत असल्यापासून दादांच्या बरोबर जायचे. आधी ब्रश धुवायला, मग डिस्टेंपरमध्ये रंग कालवायला, मग हत्तीच्या पोटात राखाडी भरायला. पुढं शिकले आणि हिंजवडीत एका कंपनीत लागले. नांदे गावावरून माण गावात जाऊन, तिथल्या गर्दीत स्कूटर घुसवून, काचेच्या इमारतीत बसायचं आणि दुसऱ्यांनी बनवलेल्या स्क्रीनवर बटणं दाबून काय काय मोडतंय ते शोधायचं, हे माझं काम. नोकरी वाईट होती असं मी म्हणणार नाही. माणसं चांगली होती, कँटीनमधला डोसा तर फारच चांगला होता. छळ सोसून पळून आलेल्या कलावंताची गोष्ट मला सांगता येत नाही, ती माझी नाहीच.

तो रविवार आला त्या वर्षी पुण्यातल्या एका कलाशाळेत भित्तिचित्रांच्या दोन वर्षांच्या शिक्षणाला मला जागा मिळाली. अर्ज मी घरात न सांगता केला होता. येणार की नाही ते मे महिन्यातल्या एका सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं आणि येणार म्हटलं तर नोकरी सोडावी लागणार होती. मी सव्वीस वर्षांची, स्वतःच्या पगारावर उभी असलेली बाई. मला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. पण दादांनी हो म्हटल्याशिवाय मी जाणार नव्हते. हट्ट म्हणा, भित्रेपणा म्हणा. ज्यांच्याकडून ब्रश धरायला शिकले त्यांच्याच मनाविरुद्ध तो धरायचा, हे मला जमणारं नव्हतं.

आणि दादा नाही म्हणाले होते. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "न्हाई. जे काम आवडतं ना, त्याला पोटाला जुंपू नये. आज हत्ती रंगवतीस तवा तोंडावर हसू असतंय तुझ्या. उद्या पोटापायी रंगवशील, तवा तोच हत्ती तुला माझ्या प्रेस मशीनीवानी दिसंल."

मी रुसले. आठ दिवस बापलेकीत फक्त मिठाची आणि मोबाइलच्या चार्जरची देवाणघेवाण चालली होती. आई दोघांच्या ताटात वाढताना एकदा म्हणाली, "दोगं एकाच मातीची. एकानं न्हाई म्हणायचं, दुसऱ्यानं गाल फुगवायचं. मी काय भिंतीशी बोलू?"

अशात गुरुवारी कारखान्यात दादांच्या पायावर लोखंडी पट्टी पडली. हाड वाचलं, पण पाय सुजून चप्पल जाईना. डॉक्टरांनी स्टुलावर चढायला साफ मना केलं. आणि रविवारी वरच्या वाडीतल्या एका लग्नघराची भिंत कबूल केलेली. दादा शब्द मोडणाऱ्यातले नाहीत. शनिवारी त्यांनी आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं आणि म्हणाले, "उद्या तू जा. चिचंच्या पुढं गेलीस की घर हाय, चुना लावून ठिवत्याल. घरात कुणी नसंल, समदी बस्त्याला जाणार हायेत. सगळं काढ, नावं तेवढी मोकळी सोड. चारच्या टायमाला रिक्षानं येतो आन् नावं मी लिवतो."

बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडांची खरेदी. तिला घरातली माणसं जातातच, पण भावकी, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे असे सगळे टेंपोत बसून जातात आणि वाडी ओस पडते. नावांच्या बाबतीत दादा कुणावर विश्वास ठेवत नाहीत. हत्तीचा कान लहानमोठा झाला तर कुणी बोलत नाही, पण सोयऱ्यांचं नाव चुकलं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून नावं त्यांची.

रविवारी सकाळी आठला मी स्कूटरवर रंगाचे डबे बांधून वाडीत पोचले. कानात हेडफोन. चिंच गेली आणि लगेच समोर एक घर दिसलं. पत्र्याचं छप्पर, बाजूच्या भिंती मातकट, आणि समोरची भिंत तेवढी पांढरीशुभ्र. दाराला कुलूप. अंगण ताजं सारवलेलं. आमच्या भागात ज्या घराची समोरचीच भिंत पांढरी ते लग्नघर, हे शेंबडं पोरही सांगेल. वाटेवर एक म्हातारबाबा शेळ्या घेऊन चालले होते. ते काहीतरी बोललेसुद्धा. मी हेडफोन न काढता मान डोलावली आणि स्टूल मांडलं.

खाका स्कूटरच्या डिकीत होता. तो मी काढला नाही. का नाही काढला, याचं उत्तर मी तेव्हा स्वतःला असं दिलं की ऊन चढायच्या आत उरकायला हवं. खरं तर दादा नव्हते, वाडी रिकामी होती आणि एवढी पांढरी भिंत मला एकटीला पहिल्यांदाच मिळाली होती. मी कोळसा घेतला आणि हातानंच हत्ती काढायला लागले.

डावीकडचा हत्ती बराचसा दादांसारखाच आला, सवयीनं. उजवीकडचा काढताना मागच्या पायापाशी हात जरा थांबला आणि मग वेगळाच गेला. तो पाय मी किंचित ढिला सोडला. मग पाठीचा उतार बदलला, मान थोडी खाली आली, डोळा अर्धा मिटला. चांगला भक्कम हत्ती, सोंडेत माळ, पण बराच वेळ उभा असल्यासारखा. लग्नाच्या भिंतीवर असा हत्ती शोभतो का, हा विचार मनात आला आणि गेला. मी रंग भरत सुटले. गणपती झाला, वेल झाली, मोर झाले, 'शुभविवाह' झालं, त्याखाली नावांची जागा मोकळी ठेवली. हात धुवायला खाली उतरले तेव्हा तीन वाजले होते आणि डबा मी उघडलाच नव्हता. कंपनीत मी साडेबारापासून घड्याळ बघायचे.

चारला रिक्षा आली. दादा उतरले, एका पायावर तोल सावरत उभे राहिले, भिंतीकडं पाहिलं, घराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हितं काय करतीयास तू?"

"म्हणजे?"

"लग्नघर फुडं हाय. त्या बोरीच्या पल्याड."

मी भिंतीकडं बोट केलं. "पण चुना..."

"चुना काय लग्नालाच लावत्यात व्हय गं?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझा गणपती गणपतीच झाला होता, फक्त दुसऱ्याच्या दारावर. आणि ते दार कुणाचं ते दादांनी सांगितलं तेव्हा मला तिथंच सारवलेल्या अंगणात गाडून घ्यावंसं वाटलं. तिथं एक बाई आणि तिचा मुलगा राहत. मुलगा पस्तिशी ओलांडलेला, म्हशी राखणारा, नांद्याच्या सोसायट्यांत दूध घालणारा. दिसायला बरा, वागायला सरळ, निर्व्यसनी. त्याचं लग्न जमत नव्हतं. आमच्या भागात आता म्हशीवाल्याला मुलगी देत नाहीत, मुलीच्या बापाला पगारवाला जावई हवा असतो. दहा वर्षं ती माय स्थळं शोधत होती आणि सगळी वाडी ते बघत होती. त्या घरावर मी भलंमोठं 'शुभविवाह' लिहून ठेवलं होतं आणि खाली नावांची जागा रिकामी.

आता लगेच पुसून टाकावं असं ठरतंय तोवर ती बाई आलीच. पौडच्या बाजारातून आली होती, हातात पिशवी आणि बगलेत एक पुठ्ठ्याचं खोकं. अंगणाच्या कडेला ती थांबली. भिंत बघितली. मग खोकं हळूच ओट्यावर ठेवून आमच्याकडं वळली आणि एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "कवा ठरलं?"

ती एक पाऊल पुढं आली.

"मला न्हाई सांगितलं त्यानं. असू दे. कुठली हाय पोरगी?"

तिला वाटलं, मुलानं परस्पर जमवलं. आणि तिला राग आला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरत चालला होता तो थांबवायचं काम माझ्याकडं आलं. आयुष्यात इतकं कठीण वाक्य मी बोलले नाही. "मावशी, माझी चूक झाली. घर चुकलं माझं. लग्न पुढच्या घरात आहे."

ती ओट्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं. मग तिनंच मला समजावल्यासारखं सांगितलं की बुधवारी पाहुणे येणार आहेत, मुलीकडचे, घर बघायला, म्हणून समोरची भिंत तेवढी पांढरी करून घेतली. सगळ्या घराला पुरेल एवढा चुना नव्हता. खोक्यात पाहुण्यांसाठी नवे कप आणले होते.

तेवढ्यात मुलगा दुधाचे रिकामे कॅन लावलेली मोटारसायकल घेऊन आला. त्यानं गाडी स्टँडवर लावली, भिंत वाचली आणि त्याचं तोंड लालबुंद झालं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"पुसा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. बस्त्याचा टेंपो यायच्या आत पुसा. समदी वाडी हसायला बसलीया आधीच." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमी आयटीत हायसा ना? एवढी नोकरी हाय, पगार हाय. मग कशापायी लोकांच्या भिंती रंगवत हिंडता?"

पगार म्हणजे काय चीज आहे हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि त्याच्या तोंडून तो प्रश्न टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. लहानपणची ओढ, दुखणारे डोळे, दोन्ही थापा त्याच्यापुढं चालणार नव्हत्या.

दादांनी हात वर करून त्याला थांबवलं. "चूक आमची हाय. मी पुसतो." उरलेल्या चुन्याची अर्धी बादली ओट्याच्या कडेला होती. दादांनी पाणी घालून ती ढवळली, कुंचा बुडवला, निथळला आणि लंगडत उजवीकडच्या हत्तीपाशी गेले. पुसायची सुरुवात सगळ्यांत मोठ्या चित्रापासून करायची, ही त्यांची पद्धत. मी खाली मान घालून उभी राहिले. सात तासांचं काम. पण कामाचं मला काही वाटत नव्हतं, त्या बाईकडं बघवत नव्हतं.

बराच वेळ कुंच्याचा आवाज आला नाही. मी वर पाहिलं. दादा कुंचा धरून तसेच उभे होते आणि चुना त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता.

"हा दमलाय," ते म्हणाले.

"कोण?"

"हत्ती. उभा राहून राहून दमलाय हा."

"व्हय."

"खाका कुटं हाय?"

"डिकीत."

"मग हा कुटनं आणलास?"

काहीतरी थाप मारता आली असती. नेहमी मारते. पण त्या दिवशी आधीच इतकी लाज निघाली होती की लपवायला काही उरलं नव्हतं. "तुमी शिफ्ट सुटल्यावर बसची वाट बघत उभे असता ना दादा, तसा काढलाय. एक पाय ढिला सोडून."

दादांनी पुन्हा भिंतीकडं पाहिलं. आपण कसे उभे राहतो हे माणसाला स्वतःला कधी दिसत नाही. त्यांनी तो पाय पाहिला, पाठीचा उतार पाहिला, आणि बोलले ते भिंतीशीच बोलले.

"मला एकच हत्ती येतोय. पंचवीस वरसं त्योच. खाका हरवला असता तर त्योबी आला नसता." मनगटावरचा चुना झटकत म्हणाले, "मी तुझ्याएवढा होतो तवा पुण्यात एक पेंटर मला बोलवत होता, कायमचा. मी न्हाई म्हणालो. समद्यांना सांगितलं, पोटापायी कंपनी धरली. तसं न्हवतं ते. मला फुडचा हत्तीच सुचत न्हवता. त्याचं भ्या वाटायचं. तुला सुचतोय."

कुंचा त्यांनी बादलीत परत ठेवला. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. माझ्या सगळ्या रुसव्याफुगव्यात हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं की दादांच्या नकारात माझ्या भवितव्याची काळजी होती तेवढीच त्यांची स्वतःची एक जुनी भीतीही होती. ती त्यांनी मुलीसमोर, एका परक्या माणसाच्या अंगणात, पाय ठणकत असताना सांगितली.

"पुसता का न्हाई मग?" मुलानं विचारलं. आता त्याचा आवाज जरा उतरला होता.

उत्तर त्याच्या आईनं दिलं. "पुसायचं न्हाई. माझ्या दारात हत्ती कवा येणार होतं? आलंत तर राहू देत."

"आई, लोकं हसत्याल."

"हसू देत. दहा वरसं हसत्यातच की."

मग दादांनी तोड काढली. ते उलट्या घातलेल्या दुसऱ्या बादलीवर बसले, लहान ब्रशनं 'शुभविवाह' तेवढं चुन्यानं झाकलं, आणि ते वाळल्यावर त्याच जागी, नावांच्या जागेसकट, सणसणीत अक्षरांत 'सुस्वागतम' लिहिलं. "बुधवारी पाव्हणं येणार न्हवं?" ते मुलाला म्हणाले. "मग त्यांच्यासाठीच काढल्यात म्हणून सांग. लग्नाचं नाव बी न्हाई हितं." मुलानं चार पावलं मागं जाऊन भिंत बघितली. मग म्हणाला, "तो उजवीकडचा बरा वाटतोय," आणि म्हशींना वैरण टाकायला मागं गेला. माझ्या चित्राला मिळालेली ती पहिली समीक्षा.

बाईनं चहा केला. या वाड्यांवर दादांचा कप पूर्वी वेगळा असायचा, वळचणीला ठेवलेला. दादा त्याबद्दल कधी बोलले नाहीत, मी बोलले असते. अलीकडं ते मोडलं असलं तरी कप हातात येईपर्यंत माझं लक्ष त्याच्यावर असतंच. त्या बाईनं पाहुण्यांसाठी आणलेलं खोकं फोडलं, नवे कप धुतले आणि पहिला दादांच्या हातात दिला.

त्यानंतर आम्ही बोरीच्या पल्याडच्या खऱ्या लग्नघरी गेलो. त्या लोकांनी सकाळी चुना लावून ठेवला होता आणि भिंत दिवसभर आमची वाट बघत होती. दादा खाटेवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते : "कान बारीक कर, माळ वर घे, अगं सोंड हाय का पाइप?" तिथं खाका लागला. कबूल केलेला हत्ती कबूल केल्यासारखाच यायला हवा, यात दादा ऐकून घेत नाहीत. रात्री नवाच्या पुढं टेंपो आला तेव्हा नावं ओली होती आणि भिंत झकास दिसत होती.

बुधवारच्या पाहुण्यांचं काय झालं, हे सगळे विचारतात. त्यांनी हत्तींचं कौतुक केलं, नव्या कपातून चहा घेतला आणि तीन दिवसांनी नकार कळवला. मुलीला एवढ्या आतल्या वाडीवर राहायचं नव्हतं. गोष्ट गोड करायची म्हणून मी इथं वेगळं काही लिहिणार नाही. बाईनं मला फोन करून सांगितलं आणि वर मलाच म्हणाली, "तू नगं वाईट वाटून घेऊ, तुझ्या हत्तीनं न्हाई मोडलं." दर दिवाळीला ती त्या दोन हत्तींच्या कडेकडेनं चुना लावते.

रविवारी रात्री घरी परत येताना दादा स्कूटरवर माझ्या मागं बसले होते. मला वाटलं, आता बोलतील. ते रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलले. जेवताना मिरचीच्या ठेच्याबद्दल बोलले. आईनं एकदा माझ्याकडं आणि एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि काय ते ओळखून दोघांना आणखी भाकरी वाढली. अंगणात ते जे बोलले ते हो होतं का? तुला सुचतोय म्हणजे जा, असं धरायचं का? की नुसतं मन मोकळं केलं आणि नकार आहे तिथंच आहे? विचारायची मला हिंमत झाली नाही. विचारलं आणि पुन्हा नाही आलं तर आता मला रागसुद्धा धरता आला नसता.

सोमवारी सकाळी दादांना कारखान्यात डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन द्यायची होती, म्हणजे आठवड्याची रजा मिळाली असती. माझं काम त्या दिवशी घरूनच होतं, म्हणून मी त्यांना सोडायला गेले. पिरंगुटचा बाजार, उभ्या बस, शिफ्टला चाललेली माणसं यांतून वाट काढत गेटपाशी आलो. गेटवर महिन्याभरापूर्वी लागलेला वॉचमन होता. दादांना त्यानं ओळखलं, पाय कसा आहे विचारलं, रजिस्टर पुढं केलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ही कोण?"

"पोरगी हाय माझी."

"काय करते?"

दादा सही करत होते. सही पूर्ण झाली, दोरीला बांधलेलं पेन त्यांनी होतं तिथं नीट लटकवलं.

"चित्रं काढती," ते म्हणाले.

"ते झालं हो. आन् नोकरीला?"

"त्येच करती," दादा म्हणाले, आणि चिठ्ठी हातात धरून भिंतीच्या आधारानं आत गेले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

मी अजून राजीनामा दिला नव्हता. कुणाला काही कळवलं नव्हतं. मी स्कूटर कडेला घेतली आणि कारखान्याच्या भिंतीला टेकून तिथंच कलाशाळेला दोन ओळी लिहिल्या, की मी येते आहे. वॉचमन आतून विचारत होता की मॅडम, काही झालंय का, पाणी हवंय का. मी नको म्हणाले, कारण दुःखाचं काही नव्हतं, फक्त फोनचा पडदा मला नीट दिसत नव्हता.